१८५० च्या मागे जायचं कसं? अमेरिकेतल्या जुन्या पूर्वजाचा माग, खानेसुमारी आणि प्रोबेटच्या कागदांतून

आमचे व्याही अमेरिकन आहेत, आणि त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगतात की म्हणे तीन भाऊ बोटीतून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, आणि तिसऱ्याचा पत्ताच लागला नाही. मला ती गोष्ट फार आवडली होती, मग हळूहळू कळलं की हीच तीन भावांची गोष्ट अमेरिकेतल्या कितीतरी घरांत जशीच्या तशी सांगतात. नातवाला शाळेत वंशावळ करून न्यायची होती, आमच्या बाजूची मी एका दुपारी लिहून दिली, आणि सुनेच्या माहेरची शोधायला बसले ती अजून उठलेली नाही.

आधी सोपा भाग. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते, १७९० पासून एकदाही चुकलेली नाही, आणि तिथला नियम असा की ७२ वर्षं झाली की नावानिशी कागद सगळ्यांना उघडे होतात, १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला उघडली. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, १९५० मध्ये तुम्ही कुठे होता, आणि तिथून मागे मागे जायचं. नेहमी मागे जायचं बरं का, जे माहीत आहे तिथून जे माहीत नाही तिकडे. कुणीतरी नामवंत पूर्वज पकडून तिथून खाली उतरायला लागलात की हमखास दुसऱ्याच्याच घरात शिरता.

मध्ये एक खड्डा आहे. १८९० चे कागद जवळजवळ सगळे गेलेत, जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, काही जळाले, काही पाण्याने भिजले, आणि जे उरले होते तेही पुढे सरकारनेच नष्ट करून टाकले. त्यामुळे १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते, वीस वर्षांची, आणि वीस वर्षांत मुली लग्न होऊन आडनाव बदलून निघून गेलेल्या असतात. तरी १८८० ची जनगणना फार गोड आहे, कारण घरातला प्रत्येक माणूस कर्त्याचा कोण लागतो हे पहिल्यांदा तिथे लिहिलं गेलं. बायको, मुलगा, सासू, नोकर, सगळं स्वच्छ.

१८५०, ६० आणि ७० मध्ये नावं आहेत, वय आहे, कुठल्या राज्यात जन्म तेही आहे, पण नातं नाही. एका घरात चाळिशीचा पुरुष, पस्तिशीची बाई आणि खाली चार मुलं दिसली की आपण लगेच धरून चालतो की हे आईबाप आणि ही मुलं, ते बरेचदा खरं असतं पण कागदाने तसं म्हटलेलं नसतं, ती बाई दुसरी बायको असू शकते, बहीण असू शकते, विधवा भावजय असू शकते.

आणि १८५० च्या मागे गेलात की नावंच संपतात. मी इथेच अडकले होते.

१७९० ते १८४० या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी घर म्हणजे नुसते आकडे. आपल्याकडे जनगणनेला जुना शब्द खानेसुमारी, म्हणजे घरांची मोजणी, तो या सहा जनगणनांना अगदी चपखल बसतो. पहिल्या मोजणीची तारीख २ ऑगस्ट १७९०, मार्शल म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टांचे अधिकारी आणि त्यांचे मदतनीस घोड्यावरून घरोघर फिरले, छापील फॉर्म नव्हतेच, ते १८३० मध्ये आले, तोवर ज्याने त्याने आपापल्या कागदावर रेघा मारून रकाने केलेले. रकाने पाच: १६ वर्षं आणि वरचे गोरे पुरुष, १६ च्या खालचे गोरे मुलगे, गोऱ्या स्त्रिया सरसकट, इतर स्वतंत्र माणसं, आणि गुलाम. एकूण ३९ लाखांच्या वर माणसं मोजली गेली. तीन महिन्यांची मुलगी आणि ऐंशी वर्षांची आजी एकाच रकान्यात. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांची १७९० ची मूळ यादी तर हरवलेलीच आहे, तिथे १७८० च्या दशकातल्या राज्याच्या मोजण्या आणि कराच्या याद्या वापरून काम भागवावं लागतं.

आता एवढ्याशा आकड्यांवरून काय कळणार असं वाटतं ना, मलाही वाटायचं. एक उदाहरण घेते, मुद्दाम सगळ्यांना माहीत असलेलं घर घेते म्हणजे पडताळा करता येईल. अब्राहम लिंकनचे वडील टॉमस लिंकन.

टॉमसचा जन्म १७७८ चा धरतात. समजा आपल्याला तो माहीतच नाही. १८२० ची मोजणी ऑगस्टमध्ये झाली, टॉमस तेव्हा इंडियानात स्पेन्सर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखी), त्याच्या वयाची रेघ २६ ते ४५ च्या रकान्यात पडणार, म्हणजे जन्म १७७५ ते १७९४ च्या मधला. १८३० ला तो इलिनॉयमध्ये मेकन काउंटीत गेलेला, आता रकाने बारीक झालेत, रेघ ५० ते ६० मध्ये, म्हणजे जन्म १७७० ते १७८० च्या मधला. दोन्ही एकावर एक ठेवा, १७७५ ते १७८० एवढीच फट उरते. जन्मदाखला नाही, काही नाही, आणि तरी पाच वर्षांपर्यंत आलो की नाही? म्हणूनच एका जनगणनेवर कधी थांबायचं नाही, माणूस दर दहा वर्षांनी पकडायचा आणि सगळं एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी मांडायचं. १८२० मध्ये एक गोम आहे ती लक्षात ठेवा, १६ ते १८ असा एक वेगळा रकाना आणि १६ ते २६ असा दुसरा, सतरा वर्षांचा पोरगा दोन्हीकडे मोजलेला असतो, बेरीज केली की घरात एक माणूस जास्तीचा दिसतो आणि आपण नसलेल्या भावाला शोधत बसतो.

पण खरा धोका बेरजेत नाहीये, तो रेघांना मुलं समजण्यात आहे. १८२० च्या उन्हाळ्यात टॉमसच्या त्या लाकडी घरात कोण कोण होतं बघा. टॉमस स्वतः. त्याची पहिली बायको नॅन्सी ऑक्टोबर १८१८ मध्येच गेली होती, डिसेंबर १८१९ मध्ये त्याने सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं, ती घरात. टॉमसची दोन मुलं, सारा आणि अब्राहम. नव्या बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची तीन, एलिझाबेथ, मटिल्डा, जॉन. आणि नॅन्सीच्या माहेरच्या नात्यातला डेनिस हँक्स, विशीतला. मोजणाऱ्याने लिहायचं एकच नाव, बाकी सात जण नुसत्या रेघा. आता दोनशे वर्षांनी कुणी त्या रेघा बघून म्हणेल की टॉमसला सहा मुलं होती, आणि पुढे १८२१ मध्ये त्यातल्याच डेनिस आणि एलिझाबेथचं एकमेकांशी लग्न झालं हे कळलं की चक्कर येईल त्याला. त्यांचं रक्ताचं नातं काहीच नव्हतं, एकाच छपराखाली मोजले गेले होते एवढंच.

तर खानेसुमारी सांगते घरात किती माणसं होती. ती एकमेकांची कोण होती हे सांगायला माणूस मरावा लागतो. वाईट वाटतं लिहायला, पण खरंच तसं आहे, प्रोबेटचे कागद तिथून सुरू होतात.

प्रोबेट म्हटलं की आपल्याकडे मृत्युपत्र कोर्टातून पक्कं करून घेणं एवढंच डोळ्यासमोर येतं. अमेरिकेत पूर्वज शोधताना हा शब्द फार मोठा धरायचा, माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावताना कोर्टात जे जे कागद झाले ते सगळे, मृत्युपत्र असो नसो. पुष्कळ लोक मृत्युपत्र न करताच जात, प्रेसिडेंट लिंकन स्वतः वकील, पण १८६५ मध्ये गेला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, सुप्रीम कोर्टाचे जज डेव्हिड डेव्हिस हे इस्टेटीचे प्रशासक नेमले गेले आणि साधारण १,१०,००० डॉलर बायको आणि दोन हयात मुलांत सारखे वाटले. म्हणून यादीत मृत्युपत्र सापडलं नाही म्हणून गाशा गुंडाळू नका, प्रशासकाचे कागद असतील तेही बघा. कुठे बघायचं तर काउंटीत, पण कोर्टाचं नाव राज्याराज्यात वेगळं, न्यूयॉर्कमध्ये सरोगेट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स आणि ऑर्फन्स कोर्ट, मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोबेट कोर्ट, व्हर्जिनियात जुन्या काळी साधं काउंटी कोर्टच.

क्रम साधारण असा. कुणीतरी कोर्टात जाऊन सांगतं की अमका वारला. मृत्युपत्र असेल तर साक्षीदार शपथेवर सांगतात की हो, आमच्यासमोर सही केली. मग एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) किंवा मृत्युपत्र नसेल तर प्रशासक नेमतात आणि त्याच्याकडून बाँड लिहून घेतात, त्यावर जामीन राहणारे दोघेतिघे असतात, आणि हे जामीन कोण हे नीट बघा, कारण परक्या माणसासाठी कोण कशाला आपलं शेत गहाण टाकेल, बहुतेक वेळा तो मेहुणा, सासरा, भाऊ निघतो. मग कोर्ट शेजारपाजारच्या जाणत्या दोघातिघांना पाठवतं, घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत लावायला. हा म्हणजे पंचनामाच. घोडा, गाय वासरासकट, बंदूक, नांगराचा फाळ, पिसांची गादी, जुनं बायबल, तुटकी किटलीसुद्धा, एकेका ओळीवर एकेक वस्तू आणि पुढे किंमत. मी हे पंचनामे रात्र रात्र वाचते, त्यातून घर डोळ्यासमोर उभं राहतं, चरखा आहे म्हणजे सूत घरात काततात, दोनच चमचे आहेत, पुस्तकं पाच आहेत म्हणजे कुणाला तरी वाचता येत होतं.

मग लिलाव. कर्ज फेडायला सामान अंगणात मांडून विकायचे आणि कोणी काय कितीला घेतलं त्याची यादी कोर्टात द्यायचे. या यादीत गाव भेटतो. आणि बरेचदा पहिल्या काही ओळींतच विधवेचं नाव असतं, स्वतःच्याच स्वयंपाकघरातलं भांडं, स्वतःचाच चरखा बोली लावून परत घेतलेला. कायद्याने नवरा असताना घरातलं सगळं नवऱ्याचं, बायको मेली तर तिच्या नावावर वाटायला काही नसायचं, पण नवरा मेल्यावर मात्र सगळ्याची किंमत व्हायची. तिचा हक्क म्हणजे जमिनीतला एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. लग्न झालेल्या बाईचं मृत्युपत्र जुन्या काळात फार क्वचित सापडतं, ते याच कारणाने, त्यामुळे बायका शोधायच्या त्या वडिलांच्या आणि नवऱ्याच्या कागदांतून.

सगळ्यात शेवटी हिशेब आणि वाटप, आणि माझ्या मते खरा खजिना इथे आहे, मृत्युपत्रातही नाही. कारण वाटा मिळाला की पावती द्यायची, आणि लग्न झालेल्या मुलीच्या वाट्याची पावती तिचा नवरा द्यायचा. एका झटक्यात मुलीचं सासरचं आडनाव मिळतं, जे जनगणनेत जन्मात मिळालं नसतं. हे कागद मृत्युपत्रांच्या जाडजूड वहीत उतरवलेले नसतात, सुटे असतात, पाकिटात किंवा पुडक्यात, म्हणून लोक वही बघून समाधान मानतात आणि पुडकं तसंच राहतं.

मृत्युपत्राची भाषा मात्र जपून वाचायला पाहिजे. मुलाला एक शिलिंग किंवा एक डॉलर ठेवलाय म्हणजे बाप रागावला होता असं नाही, पुष्कळदा त्याला त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असतो आणि पुढे भांडण नको म्हणून नाव घालून ठेवतात. इन्फंट लिहिलंय म्हणजे तान्हं बाळ नाही, २१ च्या आतला कुणीही. कझिन म्हणजे पुतण्या किंवा भाचा असू शकतो. सासरा या अर्थाचा शब्द सावत्र बापाला वापरलेला असतो. एका गावात एकाच नावाचे सीनियर आणि ज्युनियर दिसले तर ते बापलेकच असतील असं काही नाही, काकापुतणे असतील, नाहीतर एक वयाने मोठा आणि एक लहान एवढंच, आणि मोठा मेला की ज्युनियर सीनियर होतो. पोरांना पालक नेमलाय म्हणून आई मेली असंही समजू नका, बाप गेला की आई जिवंत असतानाही मुलांच्या मालमत्तेला पालक नेमत, आणि मूल १४ वर्षांचं झालं की स्वतःचा पालक स्वतः निवडू शके, हे वयाचा अंदाज घ्यायला फार उपयोगी पडतं. आणि मुलाचं नाव मृत्युपत्रात नाही म्हणून तो मुलगा नव्हता असं तर मुळीच नाही. व्हर्जिनियात जुन्या काळी मृत्युपत्रात जिचं काही लिहिलेलं नसेल ती जमीन आपोआप थोरल्या मुलाकडे जायची, मग त्याचं नाव कशाला लिहितील? मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला इतरांच्या दुप्पट वाटा असायचा.

या थोरल्याच्या कायद्याने लिंकनच्या घराचं काय झालं ते ऐका. प्रेसिडेंटचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहम, कॅप्टन अब्राहम लिंकन, व्हर्जिनियातून केंटकीत गेले, तेव्हा केंटकी व्हर्जिनियातच होती. मे १७८६ मध्ये शेतात काम करताना तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात ते मारले गेले, आठ वर्षांचा टॉमस तिथेच जवळ होता. मृत्युपत्र नव्हतं. मुलगे तीन, मॉर्डेकाय, जोसाया, टॉमस, आणि मुली दोन. जमीन पाच हजार एकरांहून जास्त, ती सगळी मॉर्डेकायला. टॉमस मजुरी आणि सुतारकाम करत वाढला. आता तारीख बघा, व्हर्जिनियाने हा कायदा बदलला होता, मुलांना सारखा वाटा मिळणार होता, पण तो अमलात आला १ जानेवारी १७८७ ला. सात-आठ महिन्यांचा फरक. नुसती खानेसुमारी बघणाऱ्याला वाटेल की एक भाऊ कर्तबगार निघाला आणि एक मागे पडला.

याच घरातून अजून दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली म्हणजे लिंकनने स्वतः १८५९ मध्ये आपली माहिती लिहून दिली त्यात आजोबा १७८१-८२ च्या सुमाराला केंटकीत आले आणि त्यानंतर वर्षादोन वर्षांत मारले गेले असं लिहिलंय, म्हणजे खऱ्या वर्षाच्या दोन ते चार वर्षं आधीच. नातवाला ऐकीव माहिती होती. घरातली गोष्ट खोटी नसते, पण वर्ष हमखास सरकलेलं असतं, तेव्हा दोन्ही बाजूंना पाच वर्षं जास्त शोधा. दुसरी गोष्ट काउंटीची. टॉमस आणि नॅन्सीच्या लग्नाचा कागद लोक हार्डिन काउंटीत शोधत राहिले कारण ते तिथे राहायचे, सापडेना, मग लिंकनच्या जन्माबद्दल नको नको त्या अफवा उठल्या. लग्न १२ जून १८०६ ला झालं होतं, कागद वॉशिंग्टन काउंटीत नीट जागच्या जागी होता. शेजारच्या काउंटीत बघा हे मी ज्याला त्याला सांगते. काउंट्या फुटत जातात, आपल्याकडे तालुक्याचे तालुके होतात तसं, माणूस एकाच झोपडीत जन्म काढतो आणि कागद तीन कचेऱ्यांत जातात, त्यामुळे त्या वर्षी सीमा कुठे होती हे आधी काढायचं.

स्पेलिंगवर तर अडूच नका. लिंकनचं लिंकहॉर्न लिहिलेलं आहे जुन्या कागदांत, कानाला आलं ते लिहिलं. वयावरही नको, १८६० मध्ये प्रेसिडेंट व्हायच्या काही महिने आधी लिंकनच्या घरी मोजणारा आला त्याने मेरी लिंकनचं वय ३५ लिहिलंय, ती ४१ वर्षांची होती. आणि १७५२ च्या आधीची तारीख असेल तर वर्ष २५ मार्चला बदलायचं हे लक्षात ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखेला दोन वर्षं तिरकी रेघ मारून लिहिलेली दिसतात ती त्यामुळे, शिवाय १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा तारखा अकरा दिवसांनी पुढे सरकल्या, जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म म्हणूनच ११ फेब्रुवारी १७३१/३२ असाही दिसतो आणि २२ फेब्रुवारी १७३२ असाही.

आता हे कागद बघायला अमेरिकेला जावं लागत नाही. फॅमिलीसर्च नावाची वेबसाइट फुकट आहे, फक्त खातं उघडायचं, काउंट्यांच्या प्रोबेटच्या वह्यांचे फोटो तिथे ढिगाने आहेत, आणि आता तर हाताने लिहिलेला मजकूर मशीन वाचून त्यात शब्द शोधून देते, त्यामुळे तुमचा माणूस दुसऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून लपलेला असला तरी सापडतो. मशीनने वाचलेलं मात्र मूळ फोटोवर ताडून घ्याच. काही काउंट्यांचे कागद उरलेलेच नाहीत, व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून दप्तरं रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच जळालं.

एवढं सगळं सांगितलं ते गोऱ्या कुटुंबांचं. ज्यांचे पूर्वज गुलामीत होते त्यांच्यासाठी हेच कागद पूर्ण उलटे वाचावे लागतात, आणि यावर मी मुद्दाम थांबणार आहे. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी केली, तिच्यात मालकाचं नाव आहे आणि खाली माणसांचं फक्त वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० ला. त्याच्या मागे भिंत. ही भिंत ओलांडायचा मुख्य रस्ता प्रोबेट, कारण मालक मेला की पंचनाम्यात गाईगुरांच्या बरोबर माणसांची नावं येतात, पुढे किंमत. आधी १८७० मध्ये कुटुंब धरायचं, मग आजूबाजूचे जमीनदार काढायचे, आणि त्यांच्या घरी कोण कधी मेलं ते बघत त्या याद्या वाचायच्या. वाचवत नाही, पण कित्येकांच्या पणजीचं नाव पृथ्वीवर तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

अमेरिकेचा तिसरा प्रेसिडेंट थॉमस जेफरसन ४ जुलै १८२६ ला गेला. मॉन्टिचेलो या त्याच्या मळ्यावरच्या मालमत्तेची किंमत लावताना तिथे गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्जच्या नावापुढे ५० डॉलर लिहिले. मृत्युपत्रात जेफरसनने पाच पुरुषांना मोकळं केलं, त्यात लोहार जोसेफ फॉसेट होता आणि सॅलीचे दोन मुलगे मॅडिसन आणि एस्टन. जानेवारी १८२७ मध्ये कर्जापायी लिलाव झाला, त्यात जोसेफची बायको आणि मुलं विकली गेली. सॅलीला मृत्युपत्रात मोकळं केलेलं नाही, आणि तिच्या मुलांचा बाप कोण यावर त्यात एक अक्षर नाही. मॅडिसन पुढे ओहायोत रॉस काउंटीत जाऊन स्थायिक झाला. १८७० मध्ये त्याच्या दारात मोजणारा आला, नाव, वय, धंदा, सगळे रकाने भरले, आणि रकाना नसतानाही नावाजवळ स्वतःहून एक ओळ लिहून गेला, की हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे.